गोडाची ओढ आहे म्हणून बायपासच करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. नौपाड्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या ताई. वजन १०४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. चार वर्षांपासून डायबेटिस, दोन गोळ्या चालू, तरी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.४. रात्री झोपताना बऱ्याचदा ॲसिडिटीची गोळी लागते. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून पेनकिलर. पूर्ण शाकाहारी. वजन उतरवण्यासाठी ठाण्यातल्या एका सर्जननी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) सुचवली, वाशीतल्या दुसऱ्यांनी मिनी बायपास (जठराची पिशवी करून ती आतड्याला जोडणं). त्यात नणंदेचा बायपास झालेला आहे आणि तिचं म्हणणं, "गोड खाल्लं की दरदरून घाम फुटतो, मग आपोआप सुटतं. तुला गोडाचं एवढं वेड, तू बायपासच कर." तर गोडखाऊ माणसाने स्लीव्ह करूच नये, हे खरं आहे का?

ताई, नाही. तुम्हाला शेवटी बायपास करावा लागेलही, पण तो गोडासाठी नाही. बरीच वर्षं मी हीच ऑपरेशनं करतो आहे आणि ओपीडीत हा प्रश्न सतत येतो, विशेषतः दिवाळीनंतर. बहुतेकांना वाटतं, गोड आवडतं की नाही एवढ्यावर ऑपरेशन ठरतं. माझ्या लेखी ते यादीत बरंच खाली आहे.

हा समज आला कुठून, ते आधी सांगतो, कारण तो अगदीच निराधार नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले सर्जन हार्वे शुगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचा गॅस्ट्रिक बायपास केला. दुसऱ्या गटाचं त्या काळातलं पोट 'स्टेपल' करण्याचं ऑपरेशन केलं, ज्यात जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून तिच्या तोंडाशी पट्टी बसवत. गोडखाऊ लोकांचं वजन बायपासने चांगलं उतरलं, स्टेपलिंगने फारसं नाही. कारण उघड होतं. त्या अरुंद तोंडातून पोळीभाजी उतरायची नाही, पण आइस्क्रीम सरसर उतरायचं. 'गोडखाऊंना बायपास' हा नियम तिथून आला. पण ते स्टेपलिंग आज कोणी करत नाही. रुग्णही मोजकेच होते. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी गॅस्ट्रिक बँडच्या (जठराभोवती बसवायच्या पट्ट्याच्या) रुग्णांमध्ये हेच तपासलं, तर गोड खाण्याच्या सवयीवरून वजन किती उतरेल याचा अंदाज बांधता आला नाही. बँडसुद्धा आता जवळपास मागे पडला आहे. म्हणजे नणंदबाई ज्या नियमावर बोलताहेत, तो एका बंद पडलेल्या ऑपरेशनसाठी होता. स्लीव्ह तेव्हा स्वतंत्र ऑपरेशन म्हणून अस्तित्वातच नव्हती.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा, फुगणारा भाग काढून टाकतात. साधारण ७५ ते ८० टक्के. उरते ती केळ्यासारखी नळी. काढलेल्या भागात भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, सर्वात जास्त तयार होतं, त्यामुळे नुसती जागा कमी होत नाही, भूकही उतरते. जठराच्या खालचा झडपेसारखा स्नायू शाबूत राहतो. रू-एन-वाय या नेहमीच्या बायपासमध्ये वर अंदाजे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ती झडप वाटेतून बाद होते, अन्न झपकन आतड्यात जातं. मिनी बायपासमध्ये पिशवी लांब असते आणि जोड एकच. तिथेही झडप बाद.

आता एक गैरसमज, जो शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो : "बायपासमध्ये आतडं वगळलेलं असतं, म्हणजे साखर अंगाला लागतच नाही." लागते. साखर आतड्याच्या अगदी थोड्या लांबीत शोषली जाते. आतडं लांबवर वगळलं की आधी मार बसतो तो लोह, कॅल्शियम, बी१२, चरबी आणि प्रथिनांना. पेढ्याला नाही.

मग नणंदेला घाम फुटतो तो कशाने? त्याला डम्पिंग म्हणतात. झडप नसल्यामुळे साखरेचा दाट पाक एकदम आतड्यात उतरतो, त्याला पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं, सोबत हार्मोन्सचा लोंढा सुटतो. खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात मुरडा, जुलाब, आणि 'आत्ताच्या आत्ता आडवं व्हायचंय' असं वाटतं. हा पहिला प्रकार. दुसरा उशिरा येतो, एक ते तीन तासांनी. साखर वेगाने चढली म्हणून शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि मग साखर धाडकन खाली येते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं चालेनासं होतं.

पहिल्या प्रकाराचा त्रास होतो, फार धोका नसतो. दुसऱ्याची मला काळजी वाटते. माझ्या एका पेशंटने, घोडबंदर रोडला राहणाऱ्या, बायपासनंतर दीड वर्षाने पाडव्याला वाटीभर श्रीखंड खाल्लं. त्यांच्याकडे ग्लुकोमीटर होता आणि त्या मोजून लिहून ठेवणाऱ्यांतल्या. चाळीस मिनिटांनी १९२. दोन तासांनी ५१. त्या वेळी त्या स्कूटरवर मुलाला क्लासला सोडायला निघाल्या होत्या. गाडी बाजूला घेऊन फुटपाथवर बसल्या म्हणून निभावलं. आणि साखर ५१ झाल्यावर माणूस काय मागतो? गोड. त्यांनी समोरच्या टपरीवरून फ्रूटी घेतली, तेव्हापुरतं बरं वाटलं आणि तेच चक्र पुन्हा सुरू झालं. म्हणजे ज्या डम्पिंगकडे तुम्ही गोड सोडवणारा पोलीस म्हणून बघताय, तो काही जणांना उलट गोडाकडेच ढकलतो.

शिवाय हा पोलीस रोज ड्युटीवर असेल याची खात्री नाही. बायपास झालेल्या प्रत्येकाला डम्पिंग होत नाही. झालं तरी बऱ्याच जणांचं पहिल्या एक-दोन वर्षांत सौम्य होत जातं. आणि लोक हुशार असतात. एकदम वाटीभर बासुंदी खाल्ली तर त्रास होतो ना, मग दिवसभर चमचा-चमचा खातात, किंवा कपभर गोड चहा अर्धा तास पुरवतात. त्रास शून्य, कॅलरी पूर्ण. बायपासनंतर तीन-चार वर्षांनी वजन परत चढलेले जे पेशंट येतात, त्यांच्यात ताटभर जेवणारे क्वचितच दिसतात. दिवसभर काहीतरी तोंडात टाकणारे किंवा घोट-घोट पिणारे जास्त.

उलट, स्लीव्हमध्ये डम्पिंग होतच नाही असंही नाही. झडप असली तरी नळी पटकन रिकामी होते, त्यामुळे काहींना तसाच त्रास होतो. आणि गोडाची चव बदलणं दोन्हीत दिसतं. पहिले काही महिने 'पेढा घशाखाली उतरेना, फार गुळमट लागतो' असं स्लीव्हवालेही सांगतात, बायपासवालेही. हा काळ सोन्यासारखा असतो, पण कायमचा नसतो.

आता तुमच्या गोडाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, "जेवणानंतर काहीतरी गोड लागतंच, आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना राहवत नाही." या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरी तुम्ही गोडात धरलेलीच नाही : दिवसातून पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तुमची दुप्पट साखर चहातच झाली, मिठाईच्या दुकानाची पायरी न चढता. ऑपरेशनच्या आधी आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम प्रत्येकाला आठवडाभर सगळं लिहायला लावतात, आणि त्या वहीत चहा हमखास राहून गेलेला असतो. हा चहा स्लीव्हमधूनही उतरेल आणि बायपासमधूनही. तो आजपासून कमी करा, दर आठवड्याला अर्धा चमचा. गुळाचा चहा हा तोडगा नाही. गूळ, मध, खजूर, उसाचा रस, आमरस, शरीराला सगळी साखरच, आणि डम्पिंगही त्या सगळ्यांनी होतं.

जेवणानंतरचा गोडाचा तुकडा मला फारसा त्रास देत नाही. एक बर्फी खाऊन माणूस थांबत असेल तर ती सवय आहे, आणि पोट लहान झालं की जेवणानंतर जागाच उरत नाही.

संध्याकाळचं बघायला हवं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, डाळ नाहीच, दही 'सर्दी होते' म्हणून नाही. साडेसहाला गोखले रोडवरून चालताना जिलेबीच्या कढईसमोर पाय थबकतात, त्यात मनाचा कमकुवतपणा कसला? ती खरी भूक आहे. या प्रकारच्या गोडाला दोन्ही ऑपरेशनं उत्तम लागू पडतात, कारण भुकेचाच जोर कमी होतो. डायबेटिसच्या काही गोळ्यांनीही साखर मध्येच उतरते आणि गोड हवंसं वाटतं. तुमच्या दोन गोळ्या कोणत्या ते लिहिलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

चौथा प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, पण मी प्रत्येकाला विचारतो, आणि नवऱ्याला किंवा सासूबाईंना केबिनबाहेर बसवून विचारतो. रात्री सगळे झोपल्यावर फ्रिज उघडून अख्खा डबा संपवणं, थांबावंसं वाटूनही न थांबता येणं, मग रिकामा बॉक्स कचऱ्यात खाली दडपणं. हे होत असेल तर स्लीव्ह की बायपास हा प्रश्न महिना-दोन महिने बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यामुळे ऑपरेशन नाकारलंही जात नाही. पण यावर कोणतीही शस्त्रक्रिया चालत नाही. चाकू पोटापर्यंतच पोचतो.

आता ज्यावरून खरोखर ठरतं ते. सगळ्यात आधी ती रात्रीची ॲसिडिटी. स्लीव्हच्या नळीत दाब जास्त राहतो, त्यामुळे आंबट पाणी वर येण्याचा त्रास वाढू शकतो, कधी नव्याने सुरू होतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना करून त्यांना १० वर्षं तपासत राहिले. २०२२ मध्ये निकाल आले. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४३.५ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७. बायपास थोडा पुढे, पण फरक जमीन-अस्मानाचा नाही. अन्ननलिकेच्या सुजेत मात्र तो तसा आहे : स्लीव्हमध्ये ३१ टक्के, बायपासमध्ये ७. म्हणून दोन्ही सर्जननी मत दिलं असलं तरी तुमची एंडोस्कोपी झाली आहे का, हा माझा पहिला प्रश्न. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. दुर्बिणीत अन्ननलिका सोललेली दिसली किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) निघाला, तर मी स्लीव्ह करणार नाही. तुम्हाला गोड मुळीच आवडत नसतं तरी केली नसती.

दुसरा तुमचा डायबेटिस. चार वर्षांचा, इन्सुलिन नाही, म्हणजे दोन्ही ऑपरेशनांनी चांगला उतरण्याची शक्यता आहे. बायपासचं पारडं किंचित जड. तिसरे गुडघे, आणि हे पारडं उलटं झुकवतात. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या पेनकिलर बंद, कारण पिशवी आणि आतडं जोडलं आहे तिथे अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. तेवढ्यावर भागेल का, ते हाडांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. वजन उतरलं की गुडघे बरेच शांत होतात, पण पहिले काही महिने काढायचे आहेत. तंबाखूचंही तेच. तुम्ही बँकेत आहात म्हणून मी गृहीत धरत नाही, सगळ्यांना विचारतो : मिशरी लावता का? बायका स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना ते 'तंबाखू खाणं' वाटतच नाही. मिशरी सुटत नसेल तर बायपास नको.

चौथं शाकाहार. वाशीच्या सर्जनना एकच गोष्ट विचारा : मिनी बायपासमध्ये आतडं किती सेंटिमीटर वगळणार? फ्रान्समध्ये २०० सेंटिमीटर वगळून केलेल्या चाचणीत, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, मिनी बायपासने वजन रू-एन-वायइतकंच उतरलं, पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी जास्त आल्या. वरणभात-भाजी खाणाऱ्या, हिमोग्लोबिन आधीच काठावर असलेल्या आपल्या बायकांमध्ये मी इतकं वगळायला धजत नाही. कोणतंही ऑपरेशन केलं तरी प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या वर हवीत, आणि वरणाच्या पाण्यातून ती मिळत नाहीत. पनीर, घट्ट दही, मूग, सोया आणि सुरुवातीला व्हे पावडर, नाइलाज आहे. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. पाच चहा पिणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक बसवणं किती अवघड जातं ते मला माहीत आहे. गोळ्या जन्मभर घेणं जमणारच नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तेही सांगा. मग स्लीव्ह तुलनेने कमी धोक्याची. गोळ्या तिलाही आहेतच, पण हयगय ती थोडी जास्त सहन करते.

तर माझा कल. एंडोस्कोपीत अन्ननलिका खराब असेल तर रू-एन-वाय बायपास, मिनी नव्हे, कारण मिनीमध्ये पित्त वर येण्याची भीती असते. अन्ननलिका स्वच्छ निघाली आणि ॲसिडिटी रात्री उशिरा जेवून लगेच झोपण्यामुळे असेल, तर ठाण्यातल्या सर्जननी सांगितलेली स्लीव्ह तुमच्यासाठी योग्य आहे, गोडासकट.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं तुम्ही ओझरतं विचारलंय. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये आपल्याकडे आली. गोडाची तलफ त्यांनी खरंच उतरते, पेशंट आश्चर्याने सांगतात. पण बंद केलं की तलफही परत, वजनही परत. ४१.७ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आणि डायबेटिसला ऑपरेशनचा परिणाम आजही जास्त टिकाऊ आहे. घ्यायला सुरुवात केलीच असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं.

एक गोष्ट सर्जन सहसा बोलत नाहीत. ऑपरेशननंतर गोड घरातूनच येतं. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग मऊ खाणं, आणि 'मऊ' म्हटलं की आपल्याकडे शिरा, साबुदाण्याची खीर, साखर घातलेली पेज. "अशक्तपणा येईल गं, दोन चमचे तरी खा." सासूबाईंना एकदा सोबत घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा. डॉक्टरांनी समोरासमोर सांगितलेलं त्या ऐकतात, सुनेने सांगितलेलं नाही. शुगर-फ्री मिठाईनेही सुटका नाही. तिच्यात खवा, तूप तेवढंच, आणि त्यातल्या काही गोडव्यांनी गॅस आणि जुलाब होतात.

विम्याचं : बीएमआय ४० च्या वर असल्याने तुम्ही आयआरडीएआय या विमा नियामकाच्या निकषात बसता, पण आधी डाएट वगैरे करून उपयोग झाला नाही याचे कागद लागतात आणि पॉलिसीचा प्रतीक्षा काळ पूर्ण झालेला असावा लागतो. जुनी डाएटची फाइल टाकली असेल तर शोधून ठेवा. बँकेची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्या अटी एचआरकडून लेखी मागवा, तोंडी 'हो' वर जाऊ नका.

आणि तारीख घेताना पंचांगाआधी सणांचं कॅलेंडर बघा. ऑपरेशननंतर नेहमीच्या जेवणापर्यंत यायला महिना-सव्वा महिना लागतो. दिवाळीच्या तोंडावर केलंत तर घरात चकल्या-करंज्या तळल्या जात असताना तुम्ही ताक आणि प्रोटीन पावडरवर असाल. गणपतीत तर पाहुणेही असतात. मला विचाराल तर आषाढात तरी करा, नाहीतर दिवाळी आटोपल्यावर सरळ डिसेंबरात.